धोबीतलाव ते ऑपेरा हाऊस: बाबांना गिरगाव रस्त्यावरून चालायचंय, खुणा सांगा

नाक्यावरचा (धागाकर्ता)

बाबा एक्क्याऐंशीचे. जन्म ठाकूरद्वारच्या चाळीतला. १९८८ साली तिथलं बिऱ्हाड हललं आणि आम्ही डोंबिवलीला आलो, मी तेव्हा तिसरीत. गेलं वर्षभर गुडघ्याने त्यांना घरात बसवलं होतं. आता जरा पाय वाकायला लागलाय तर एकच धोशा लावलाय: "मेट्रोपासून ऑपेरा हाऊसपर्यंत मला एकदा चालत ने."

मेट्रो म्हणजे सिनेमा, गाडी नव्हे. हा खुलासा मला दोनदा करून घ्यावा लागला, कारण आता त्याच रस्त्याच्या पोटातून मेट्रोही धावते.

परवा त्यांच्याशेजारी फोनवर नकाशा उघडून बसलो. वर ठळक अक्षरांत 'जगन्नाथ शंकरशेट रोड'. "हा कुठला काढलास? आपला गिरगाव रोड काढ," म्हणाले. तोच हा म्हटलं, तर पटेना. मग ते सांगत गेले आणि मी बोट फिरवत गेलो. "मेट्रोवरून सुटायचं, तलाव मागे टाकायचा, चिराबाजार, ठाकूरद्वारचा नाका, मग चर्च, मॅजेस्टिक थिएटर, सेंट्रल थिएटर." यातला तलाव त्यांच्याही जन्माआधी बुजलेला, मॅजेस्टिक पडलं त्याला जमाना झाला. तरी त्यांचा नकाशा बिनचूक आहे, माझाच कुठे तरी अडखळतो.

म्हणून हा धागा. मला एक पोस्टकार्डाएवढा कागद करायचाय: क्रमाने खुणा, कुठे टेकता येईल, कुठे काय खाता येईल. अंतर दोनेक किलोमीटर असेल, पण आमचा वेग बघता दोनेक तास धरा. इथे गिरगावकर पुष्कळ आहेत असं ऐकून आहे. येऊ द्या.

चौथामजला

सुरुवात मेट्रोपासून करताय हे उत्तम. त्या चौकाचं नाव वासुदेव बळवंत फडके चौक, पण बसच्या कंडक्टरसकट सगळे मेट्रोच म्हणतात. १९३८ साली हॉलिवूडच्या एम.जी.एम. कंपनीने बांधलेलं थिएटर. फिल्मफेअरचा पहिला पुरस्कार सोहळा १९५४ साली इथेच झाला. आता आत मल्टिप्लेक्स आहे.

समोर जेर महालाच्या तळाला कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. बाबांना चालायला लावण्याआधी तिथे ब्रून मस्का आणि चहा द्या. पहिला थांबा तोच. खुर्च्या जुन्या लाकडी आहेत, उठताना टेबलाचा आधार मिळतो, गुडघेवाल्यांना हे महत्त्वाचं.

आता तलाव. धोबीतलावात खरोखर तलाव होता आणि धोबी तिथे कपडे धूत. फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटजींनी तलावावर खर्च केला म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जाई. पुढे तो बुजवला. काळबादेवी रोड आणि गिरगाव रोड जिथे फुटतात त्या बेचक्यात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत दिसेल. ती बाबांना दाखवा आणि म्हणा, हा घ्या तुमचा तलाव.

पाहुणा_पुण्याचा

एक बाळबोध शंका. काळबादेवी रोड आणि गिरगाव रोड दोन्ही तिथूनच निघतात, तर चुकायला होत नाही का? मी एकदा चुकलोय. लग्नाला ठाकूरद्वारला जायचं होतं आणि निघालो भांड्यांच्या दुकानांत.

मुगभाटकर

पाहुणे, तुमचं लग्न हुकलं पण भांडी तरी स्वस्तात मिळाली असतील. :)

सोपी खूण: मेट्रोकडे पाठ करून उभं राहिलं की गिरगाव रोड डाव्या अंगाने सुटतो, काळबादेवी उजव्या. डावीकडे समुद्र आहे हे डोक्यात ठेवायचं. गिरगाव रोड आणि मरीन लाइन्स-चर्नी रोडचे रूळ साधारण सोबतीने चालतात. डावीकडच्या कुठल्याही गल्लीत शिरलात की शेवटी रेल्वे आणि तिच्यापलीकडे खारा वारा.

आणि धागाकर्ते, प्रिन्सेस स्ट्रीट ओलांडताना घाई करू नका. शामलदास गांधी मार्ग असं पाटीवर लिहिलेलं असतं, पण सिग्नलला ते माहीत नाही. वयस्कर माणसाला एका हिरव्यात पलीकडे जाता येईलच असं नाही. मधल्या दुभाजकावर थांबा.

कावेलची

प्रिन्सेस स्ट्रीट ओलांडला की आमची हद्द. तुम्ही सगळे चिराबाजार म्हणता, आमच्या आजीसाठी ते कावेल. मुंबई सात बेटांची होती तेव्हापासूनची कोळ्यांची वस्ती. त्यातले बरेच पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, त्यांचे आम्ही वंशज, ईस्ट इंडियन. डॉ. व्हिएगास स्ट्रीटवर आमचं अवर लेडी ऑफ हेल्थ चर्च आहे. रस्त्यावरून दिसत नाही, आत वळावं लागतं. बाबांचा पाय बरा असेल तर वळा. दुपारी आतला गारवा असा असतो की बाहेर चिराबाजार आहे हेच विसरायला होतं.

चिराबाजाराची खूण मात्र सांगायची गरज नाही, नाकच सांगेल. मासळी बाजार. बाबा मासे खाणारे असतील तर तिथे तुमचा अर्धा तास गेला असं धरून चाला.

नाक्यावरचा

बाबांना प्रतिसाद वाचून दाखवतोय. कावेल हा शब्द ऐकून एकदम सरसावून बसले. म्हणाले, "बोंबील कावेलच्या बाईकडूनच." आम्ही मासे खाणारे आहोत, ताई. अर्धा तास कागदावर मांडला.

चिराबाजार आमच्या पत्रांवर मुंबई २ आणि गिरगाव मुंबई ४ असायचं, असंही ते म्हणाले. एका रस्त्याचे दोन पोस्ट.

चौथामजला

अगदी बरोबर. आजही ४००००२ आणि ४००००४. पिनकोड १९७२ ला आला, पण शेवटचा आकडा जुन्या विभागाचाच राहिला.

रस्त्याच्या नावाबद्दल. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, १८०३ ते १८६५. मूळ आडनाव मुरकुटे, गाव मुरबाड. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली त्या रेल्वेच्या उभारणीत नाना होते, मुंबईतल्या शिक्षणाच्या बहुतेक आरंभांत होते, मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. गिरगावात वाडा असलेल्या माणसाचं नाव गिरगावच्या रस्त्याला, हे योग्यच झालं. फक्त तोंडात बसलं नाही.

रूळमोजणी

अवांतर, पण राहवत नाही. भुयारी मेट्रोचं शंकरशेटांच्या नावाचं स्थानक त्यांच्या रस्त्यावर नाही! शंकरशेट रस्त्याखालची स्थानकं काळबादेवी आणि गिरगाव. 'जगन्नाथ शंकरशेट' नावाचं स्थानक आहे मुंबई सेंट्रलला, मध्ये ग्रँट रोड सोडून. कुणी पाहुणा नावावरून उतरला तर नानांना शोधत तिथेच फिरत राहील.

कामाचं आता. डोंबिवलीहून येताय तर सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो पकडू शकता. पुढचंच स्थानक काळबादेवी, त्यापुढचं गिरगाव. हा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ पासून लोकांसाठी खुला झाला. पण बाबांना मेट्रो सिनेमापासूनच सुरुवात करायची असेल तर सीएसएमटीहून टॅक्सी करा, पायांची ताकद पुढच्यासाठी राखा. परत येताना गिरगाव स्थानकातून बसा. लिफ्ट आहे.

स्थानकाच्या कामात एक गोष्ट मला फार आवडली. रस्ता इतका चिंचोळा आणि दोन्ही बाजूंना इमारती इतक्या जुन्या की इतर ठिकाणांसारखं वरून अख्खा खड्डा उघडणं शक्यच नव्हतं. बाजूला विहिरीसारखे खड्डे घेऊन आतून आडवं पोखरत गेले, वर वाहतूक सुरू. इंजिनिअर मंडळी त्या पद्धतीला एनएटीएम म्हणतात.

मावशी_बोरिवली

पद्धत आवडली तुम्हाला, ठीक आहे. त्या विहिरींसाठी ज्या इमारती पाडल्या त्यात माझ्या मावसभावाची खोली होती. तिसरा मजला, रस्त्याकडची गॅलरी. त्या गॅलरीत उभं राहून आम्ही पाडव्याची शोभायात्रा बघायचो, गणपती बघायचे, निवडणुकीच्या मिरवणुका बघायच्या. त्याच परिसरात नवी जागा मिळणार म्हणून सगळे थांबलेत. मधल्या काळात त्याची आई गेली, भाड्याच्या घरात.

भांडण काढत नाहीये. पण हा रस्ता म्हणजे नुसती दुकानं आणि थांबे नव्हेत. अर्धा रस्ता वरच्या मजल्यांवर राहत होता आणि खाली बघत होता. धागाकर्ते, बाबांना वर बघू द्या. फुटपाथ बघायला तुम्ही आहात.

रूळमोजणी

मावशी, तुमचं म्हणणं मान्य. पोखरण्याचं कौतुक करताना वरचं लिहायचं राहिलं माझ्याकडून.

मुगभाटकर

ठाकूरद्वार नाक्यावर येऊ या, नाही तर बाबा चिराबाजारातच अडकतील.

नाक्याला नाव देवळावरून. ठाकूर म्हणजे देव, ठाकूरद्वार म्हणजे देवाचं दार. आत्मारामबुवांनी बांधलेलं देऊळ ते. शिवाय झावबावाडीतलं राममंदिर वेगळं, आणि गोरा राम, काळा राम ही जोडीही तिथलीच. रामनवमीला कुठल्या रामाकडे आधी जायचं यावरून आमच्या घरात दोन पक्ष होते.

टेकायला: फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम. मिसळ मागवा. बाबांना तिखट चालत नसेल तर पियूष. दुपारी एकच्या आत जा, नंतर जागा मिळत नाही.

आणि वाड्यांची नावं बाबांकडून म्हणून घ्या, पाढ्यांसारखी येतील. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी. नुसती नावं वाचली तरी कळतं की इथे एके काळी बागा होत्या. आमचं मुगभाट, शेजारचं बोरभाट: भाट म्हणजे बागायती जमीन. आता भाटात मूग नाही आणि बोरंही नाहीत, मसाले मात्र आहेत. बेडेकरांनी १९१० साली गिरगावातच किराण्याचं दुकान घातलं होतं, मग मसाले आणि लोणची. आमच्या लहानपणी गल्लीत शिरलं की आधी शिंक यायची, मग घर.

पाहुणा_पुण्याचा

पुणेकर म्हणून एक नाजूक प्रश्न विचारतो, मारू नका. सार्वजनिक गणपती आधी पुण्याचा की गिरगावचा?

चौथामजला

पुण्याचं पुण्यात ठेवा. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती केशवजी नाईक चाळीतला, १८९३. ती चाळ खाडिलकर रोडवर, म्हणजे जुन्या कांदेवाडीत. १९०१ मध्ये टिळक तिथे येऊन गेले. मूर्ती अजून लहान असते, थाट नाही, वर्गणीचा दंगा नाही. गणपतीच्या दिवसांत आलात तर गिरगाव रस्त्यावरून आत वळून बघून या. नसाल आलात तरी चाळ बघा. लाकडी जिने, लाकडी कठडे.

मावशी_बोरिवली

खाडिलकर रोडचं नाव नाटककार आणि संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांवरून. आणि नाटकाचा विषय निघालाच आहे तर केळेवाडीत वळल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबई मराठी साहित्य संघ. संस्था १९३५ ची, डॉ. भालेराव नाट्यगृह १९६४ चं. चर्नी रोड स्टेशनपासून जवळ.

आम्ही बोरिवलीला गेल्यावरही नाटक साहित्य संघातच बघायचो. रात्रीचा प्रयोग सुटला की बायका चपला हातात घेऊन चर्नी रोडच्या जिन्याकडे पळायच्या, शेवटची गाडी गाठायला. पडदा पडायच्या आधी उठायचं नाही असा आमच्या आईचा नियम होता. त्यामुळे पळावंच लागायचं. बाबांना पायऱ्यांवर बसवता येईल, सकाळी तिथे शांतता असते.

धूळपाटी

मॅजेस्टिकबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? भारतातला पहिला चित्रपट राजा हरिश्चंद्र तिथेच लागला होता. गिरगावच्या लोकांना स्वतःचीच किंमत नाही.

चौथामजला

धूळपाटी, गिरगावच्या लोकांना किंमत आहे, फक्त थिएटर वेगळं आहे. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला तो कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. तेही गिरगावातच, सँडहर्स्ट रोडला, आताचा सरदार पटेल रोड.

मॅजेस्टिकचा मान दुसरा आहे आणि तोही लहान नाही. पहिला बोलपट आलम आरा, १४ मार्च १९३१. अर्देशीर इराणींचा. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, असं सांगतात. आज त्या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही. थिएटरही नाही. जागेवर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, त्यामुळे नाव तेवढं उरलं.

म्हणजे मुका आणि बोलका, भारतीय सिनेमाचे दोन्ही श्रीगणेशा चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात झाले.

धूळपाटी

चूक मान्य. शाळेत चुकीचं शिकलो आणि तीस वर्षं लोकांना सांगत आलो. कुणाकुणाला फोन करू आता.

मुगभाटकर

मॅजेस्टिकवरून आठवलं. केशवराव कोठावळ्यांनी त्या थिएटरच्या आडोशाला पुस्तकं विकायला सुरुवात केली, त्यातून मॅजेस्टिक बुक स्टॉल आणि मग मॅजेस्टिक प्रकाशन. खटाववाडीत मौज प्रकाशन. पोरवयात मला वाटायचं की मराठीतली सगळी पुस्तकं आमच्याच आळीत छापतात. फार चुकीचं नव्हतं ते.

कावेलची

मॅजेस्टिकपर्यंत पोचलात आणि खोताची वाडी सोडली? चर्चसमोरच्या बाजूला आत वळायचं. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांची जमीन, त्यांनी आमच्या लोकांना तुकडे विकले, म्हणून नाव खोताची वाडी आणि घरं आमची. बाहेरून चढणारे लाकडी जिने, पुढे व्हरांडा, खिडक्यांना रंग. पासष्टच्या आसपास घरं होती, आता तीसही नाहीत.

एक विनंती, तुम्हाला नाही, वाचणाऱ्या सगळ्यांना. लोक येतात आणि माझ्या आत्याच्या व्हरांड्यात तिला न विचारता उभं राहून फोटो काढतात. मागे एकदा एका मुलीने तिचं वाळत घातलेलं गाऊन बाजूला सरकवलं, फ्रेममध्ये येत होतं म्हणून. ते घर आहे हो. बाबांना घेऊन या, दार उघडं दिसलं तर हाक मारा, पाणी मिळेल.

चर्चचं नाव सेंट तेरेसा. जुने लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात. टॅक्सीवाल्याला नुसतं पोर्तुगीज चर्च सांगू नका, दादरला सोडेल. गिरगाव चर्च म्हणायचं.

नाक्यावरचा

ताई, गाऊनचं वाचून बाबा हसले आणि मग म्हणाले, "अनंताश्रम त्याच वाडीत ना?" मी शोधलं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. सांगितलं नाही अजून.

मुगभाटकर

सांगा. स्वतःहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तिथे भिंतीवर पाट्या होत्या आणि वाढपी तुमच्यापेक्षा घाईत असायचे. जेवताना गप्पा मारलेल्या चालत नसत. मासे असे की गप्पा सुचतही नसत.

धूळपाटी

प्रायश्चित्त म्हणून शेवटचा टप्पा मी लिहितो, या वेळी तपासून. चर्च सोडलं की पुढे ऑपेरा हाऊस. जवळच प्रार्थना समाजाचा नाका. संस्था १८६७ ची, आत्माराम पांडुरंग तर्खडकरांनी काढलेली, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर त्यातलेच. बसथांब्याचं नाव म्हणून सगळ्यांना ठाऊक. त्याच अंगाला शांतारामाची चाळ, जिच्या पटांगणात होमरूलच्या काळात राजकीय सभा होत. टिळकही तिथे बोललेत आणि जीनाही.

रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ ला पंचम जॉर्जच्या भेटीत झालं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर सगळे त्या रंगमंचावर उभे राहिलेत. नंतर सिनेमा झाला, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. तिथून जवळच देवधर मास्तरांचं संगीत विद्यालय, कुमार गंधर्व शिकले ते. बाबांना गाण्याची आवड असेल तर फक्त इमारत दाखवून थांबू नका.

पाहुणा_पुण्याचा

धागा वाचनखूण म्हणून साठवतोय. आता तरी लग्न हुकणार नाही.

मावशी_बोरिवली

एक अगदी साधी गोष्ट कुणी लिहिली नाही. वयस्कर पुरुष, दोन तास, चहा आणि पियूष. निघताना कयानीच्या आधी, आणि मध्ये विनयला, विचारून घ्या. बाबा स्वतः म्हणणार नाहीत. आमचे हे कधी म्हणाले नाहीत.

नाक्यावरचा

मावशी, ही तुमची ओळ मी कागदावर सगळ्यात वर लिहिली. :)

---

नाक्यावरचा

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

दोन तास वीस मिनिटं लागली, त्यातली पस्तीस मिनिटं मासळी बाजारात. घेतलं काहीच नाही, डोंबिवलीपर्यंत कोण नेणार. पण एका टोपलीसमोर उभे राहून भाव विचारला, मान हलवली, पुढच्या टोपलीसमोर तेच. तिसरी मावशी म्हणाली, "बाबा, घ्यायचं नाय तर बघून घ्या, बघायचं पैसं नाय." ते खुश.

तलावाच्या जागेवर फ्रामजी इन्स्टिट्यूट दाखवलं. "हे मला माहीत आहे," म्हणाले, "तुला माहीत नव्हतं."

आमची चाळ गेली. जागेवर एकोणीस-वीस मजले असतील, खाली गाड्यांचे तीन मजले. मला धास्ती होती ती इथलीच. बाबा समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, मान वर केली आणि हवेत बोट दाखवलं, साधारण तिसऱ्या पार्किंगच्या उंचीवर. "तो आपला कठडा. तिथे तुझी आजी दुधाची पिशवी दोरीने वर घ्यायची." मी बघितलं. तिथे एका पांढऱ्या गाडीचा मागचा दिवा होता. मग त्यांनी मला विचारलं की भूक लागली का, आणि आम्ही विनयला गेलो.

ठाकूरद्वारपुढे मी कागद काढलाच नाही, ते पुढे आणि मी मागे. वाड्यांची नावं मुगभाटकर म्हणाले तशीच पाढ्यासारखी आली, फक्त एका ठिकाणी अडकले, तेव्हा शेजारून चाललेल्या एका बाईंनी पुरी केली आणि न थांबता निघून गेल्या.

खोताच्या वाडीत एका दारातून आपणहून पाणी मिळालं. कावेलची ताई, तुमची आत्या होती की नाही ते विचारायचं राहिलं. आम्ही फोटो काढला नाही.

अनंताश्रमाचं मी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या वळणावर त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

ऑपेरा हाऊसला दार बंद होतं. रखवालदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय? बाबा म्हणाले, "कुणाला नाही, आलो होतो एवढं सांगा." गिरगाव स्थानकापर्यंत टॅक्सी केली. लिफ्टने खाली जाताना मला म्हणाले की या रस्त्याखाली एवढी जागा होती तर आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण कशाला राहिलो.

घरी आल्यावर पोस्टकार्डाएवढा कागद त्यांनी मागून घेतला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: 'पुढच्या वेळी उलटं. ऑपेरा हाऊसवरून निघायचं. त्या बाजूने उतार आहे.'

रस्ता पाटासारखा सपाट आहे. मी काही बोललो नाही.

मुगभाटकर

उतार आहे हो. विनयच्या दिशेने सगळा उतारच. कधी निघताय ते कळवा, मी नाक्यावर उभा राहतो.